मीटिंग विसाव्या मिनिटाला मरगळते? माणसांआधी खोली तपासा

तक्रार नेहमीचीच आहे. साप्ताहिक मीटिंग सुरू होते तेव्हा सगळे ठीकठाक असतात. पंधरा-वीस मिनिटांत जांभया सुरू होतात, मोबाइल टेबलाखाली जातो, 'काय म्हणालात, परत सांगता का' ऐकू येऊ लागतं, आणि ज्या विषयासाठी जमलो तोच पुढच्या आठवड्यावर ढकलला जातो. यावर ठरलेले उपाय म्हणजे खेळ घ्या, स्लाइड रंगीत करा, खोलीत लॅव्हेंडर फवारा. दोन आठवडे नवलाई टिकते आणि मग पुन्हा मागचं पुढे सुरू. खोलीतली शिळी हवा, गारठा, घुमणारा आवाज, डोळ्यांवर येणारा उजेड यांतलं काहीच बदललेलं नसतं ना!

म्हणून क्रम असा ठेवा: कान, नाक, डोळे, अंग यांना होणारा जाच आधी थांबवायचा. मग प्रत्येक विषयाला बघायला, ऐकायला किंवा हाताळायला एकच खरी गोष्ट द्यायची. क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात.

निदान: कितव्या मिनिटाला?

काहीही विकत घेण्याआधी दोन मीटिंगा नुसतं निरीक्षण करा. एकाने कागदावर खोलीचा नकाशा काढून खुर्च्या मांडायच्या आणि वेळेसकट खुणा करायच्या: पहिली जांभई, पहिला मोबाइल, पहिलं 'परत सांगा', एसीच्या रिमोटकडे गेलेला पहिला हात, अंगावर ओढलेली पहिली ओढणी किंवा जॅकेट. नावं लिहू नका, खुर्च्यांचे नंबर लिहा. नावं लिहिली की लोक शहाण्यासारखे बसतात आणि निदान फसतं.

खुणा पहिल्या दहा मिनिटांतच दिसल्या तर लोक दमून, घामेजून किंवा उपाशी येताहेत. पंधरा ते तीस मिनिटांत सगळीकडे सारख्याच खुणा असतील तर जवळजवळ नक्की हवा. टेबलाच्या एकाच टोकाचे लोक गप्प असतील तर आवाज, नाहीतर तिथून पडदा वाचता येत नाही. ठरावीक स्लाइडपासून घसरण होत असेल तर दोष त्या स्लाइडचा. दुपारी दोन ते तीनमध्ये सगळंच मंदावत असेल तर ते जेवणाचं काम, त्यावर पुढे लिहिलं आहे.

हवा

मुंबईतल्या बहुतेक मीटिंग रूमचा खरा दोष इथेच असतो आणि बघितला मात्र सगळ्यात शेवटी जातो, कारण एसी चालू असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. छतात बसवलेले कॅसेट एसीही सहसा तेच करतात. म्हणजे बंद काचेच्या केबिनमध्ये दहा माणसं एकमेकांनी सोडलेली हवा गार करून घेत असतात.

हिशेब सोपा आहे. 12 बाय 15 फुटांची, 9 फूट उंचीची खोली म्हणजे 1620 घनफूट, साधारण 46 घनमीटर. बसून बोलणारा माणूस तासाला अंदाजे 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा जणांचे 180 लिटर. खोली पूर्ण बंद असेल तर दहा मिनिटांत पातळी सुमारे 650 पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत 650 भागांनी) चढते. सुरुवातीला 450 असेल तर दहाव्या मिनिटाला 1100, तिसाव्या मिनिटाला 2400. फटी आणि दाराची उघडझाप यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येतो, पण डोकं जड व्हायची वेळ नेमकी याच टप्प्यात का येते ते कळतं. हा आकडा खरं तर हवा किती शिळी झाली याचं माप आहे. त्याच्यासोबत घामाचा वास, ओल आणि उष्णताही वाढत असते. बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता देतो. बारा माणसं म्हणजे एक टनाच्या एसीची एक तृतीयांश ताकद माणसांवरच खर्च.

मोजायला मीटर घ्या, पण तो एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या) सेन्सरचा आहे ना हे खोक्यावर बघून. स्वस्तातली बरीच यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. कुणी सॅनिटायझर लावला की असल्या यंत्रावर आकडा उडी मारतो. मीटर टेबलाच्या मधोमध, माणसांच्या तोंडापासून हातभर दूर ठेवा. नाहीतर तो एकाच माणसाचा उच्छ्वास मोजत बसतो.

आता उपाय. फुकटचा आधी: पंचविसाव्या मिनिटाला पाच मिनिटं दार आणि खिडकी दोन्ही सताड उघडायची, आणि माणसं खोलीबाहेर. फक्त दार उघडून फार फरक पडत नाही. हवेला यायला एक वाट आणि जायला दुसरी लागते. पावसाळ्यात खिडकी उघडली की दमट हवा आत येते, म्हणून त्या पाच मिनिटांत एसी कूलवर न ठेवता नुसता पंख्यावर ठेवा आणि नंतर दहा मिनिटं ड्राय मोडवर. हिवाळ्यात बाहेरची हवा धुरकट असेल त्या दिवशी रस्त्याकडची खिडकी सोडून पॅसेजकडचं दार वापरा, फरक कमी पडला तरी.

कायमचा उपाय एक्झॉस्ट पंखा. माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा धरली तर दहा जणांना तासाला 360 घनमीटर लागते. ती मिळाली तर पातळी हजाराच्या आत राहते. पंख्याच्या खोक्यावर घनमीटर प्रतितास हा आकडा छापलेला असतो, तो बघूनच घ्या. पंखा लावल्यावर हमखास होणारी चूक म्हणजे आत हवा यायला वाटच नसणं. दाराखाली 20 मिलिमीटर फट किंवा दारात जाळी नसेल तर पंखा नुसता घरघरत राहतो. उदबत्तीचा धूर दाराच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर काम होतंय.

सेंट्रल एसीच्या इमारतीत, बीकेसी किंवा लोअर परळच्या टॉवरमध्ये, खिडक्या उघडतच नाहीत. तिथे फॅसिलिटीवाल्यांना 'कोंदट वाटतंय' सांगितलं की ते तापमान दोन डिग्री खाली करून देतात आणि तक्रार बंद करतात. म्हणून नेमकं विचारा: आमच्या मजल्याच्या एएचयूचा (हवा गार करून मजल्यावर सोडणाऱ्या यंत्राचा) फ्रेश एअर डॅम्पर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, किती टक्के उघडा आहे? वीज वाचवायला तो बरेचदा जवळजवळ बंद ठेवलेला असतो. मीटरच्या आकड्याचा फोटो मेलला जोडा. उत्तर लवकर येतं.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींची गंमत वेगळीच. छत चौदा-पंधरा फूट, वर झरोके, हवा खेळती. मग कुणीतरी नऊ फुटांवर फॉल्स सीलिंग टाकतं, झरोके त्यामागे गाडले जातात आणि खोलीतली हवा एक तृतीयांशाहून जास्त कमी होते. तिथे सीलिंगच्या दोन-तीन टाइल काढून झरोका चालू करता येतो का ते आधी बघा.

गारठा

नऊ चाळीसला विरार किंवा कल्याण लोकलमधून उतरून, स्टेशनपासून चालत आलेला माणूस घामाने निथळत असतो. तो एसी 18 वर करतो. वीस मिनिटांत घाम वाळतो, अंग थंड होतं, आणि आता सगळे आखडून बसतात. रिमोट कुणालाच आठवत नाही, कारण 18 करणारा अजून बोलतोय.

खोली अर्धा तास आधी 24 वर लावून ठेवा (2020 पासून नव्या रूम एसींची डीफॉल्ट सेटिंगही 24 आहे) आणि आल्याआल्या गार वाटावं म्हणून पंखा जोरात ठेवा. वाऱ्याने दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं आणि पंखा क्षणात कमी करता येतो. रिमोट एकाच माणसाकडे. बाहेर पाण्याचा जग, कागदी नॅपकिन आणि सात-आठ मिनिटांची मोकळीक ठेवा. पावसाळ्यात छत्र्यांसाठी बादली दाराबाहेर, कारण ओल्या छत्र्या आत आल्या की कार्पेट दोन दिवस कुबट मारतं.

झोत कुणाच्या डोक्यावर पडतोय हे शोधायला टिश्यूची बोटभर रुंद पट्टी प्रत्येक खुर्चीवर, बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर धरा. पट्टी सरळ लोंबली तर ठीक; आडवी होऊन फडफडली तर ती खुर्ची हलवा किंवा एसीची झडप वर करा. नकाशातल्या 'जॅकेट'च्या खुणा बहुतेक याच खुर्च्यांवर निघतील.

आवाज

काचेच्या केबिन दिसायला छान असतात, ऐकायला वाईट. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण शेपूट ऐकू आली तर समोरासमोरच्या कडक भिंती आवाज एकमेकींवर फेकताहेत. अशा खोलीत वाक्यांची टोकं पुसली जातात. कान ती भरून काढत राहतो, आणि तासाभरात त्याचाच थकवा येतो.

आवाज शोषणारी 50 मिलिमीटर जाडीची पॅनल (ग्लासवूल म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, किंवा पीईटी फेल्ट म्हणजे पॉलिएस्टरचा नमदा) लावा, आणि तीही समोरासमोरच्या जोडीतल्या एकाच भिंतीवर. म्हणजे एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंती पुरतात. जमिनीपासून साधारण अडीच ते साडेसहा फुटांपर्यंत, कारण बसलेल्या माणसाचं तोंड आणि कान तिथे असतात. वरच्या उदाहरणातल्या खोलीला 2 बाय 4 फुटांची दहा-बारा पॅनल लागतात. बजेट नसेल तर एका भिंतीला कापड लावलेला सॉफ्टबोर्ड आणि काचेला जाड, चुण्यांचा पडदा. सॉफ्टबोर्डावर कागद टाचता येतात, हा वरचा फायदा. अंड्यांचे ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठ्याने बोलण्याचा आवाज फारसा शोषला जात नाही आणि आगीला आयतं निमंत्रण मिळतं. फोम घेतलात तरी आगीचं प्रमाणपत्र मागून घ्या.

इथे एक भांडण आहे. हवेला दाराखाली फट हवी, आवाजाला नको. बाहेरून विक्री विभागाचे फोन ऐकू येत असतील तर ब्रश सील (दाराखालची फट बुजवणारी ब्रशची पट्टी) लावायचा मोह होतो. आधी हवेची वाट दुसरीकडे, खिडकीच्या बाजूला, काढा आणि मगच सील लावा. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर हवा निवडा. बाहेरचं बोलणं कानाआड करता येतं, शिळी हवा नाही.

उजेड आणि पडदा

टेबलावर 300 ते 500 लक्स (उजेडाचं माप), 4000 केल्विनचा (ना पिवळा, ना निळसर) दिवा. मोबाइलच्या अ‍ॅपवर लक्सचा अंदाज पुरेसा येतो. टीव्ही किंवा प्रोजेक्टरच्या समोरच्या दिव्यांची रांग वेगळ्या बटणावर हवी. सगळे दिवे एकाच बटणावर असले की लोक सगळेच बंद करतात आणि अंधारात झोप येते. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे. खिडकी पश्चिमेला असेल तर चारनंतर खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहराही दिसत नाही. रोलर ब्लाइंड लावा किंवा टेबल फिरवा.

अक्षराची उंची शेवटच्या खुर्चीच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी तरी हवी. चार मीटरवर बसणाऱ्यासाठी 20 मिलिमीटर, टीव्हीवर पट्टी लावून मोजलेले. 55 इंची टीव्हीवर याचा अर्थ फार तर पंधरा ओळी. देवनागरीत वेलांट्या आणि उकार वर-खाली पसरतात, म्हणून दहा-बारा. एक्सेलचा तक्ता या हिशेबात कधीच बसत नाही, तो टीव्हीवर दाखवूच नका. ए3 वर छापा, तिघांत एक प्रत द्या, सोबत पेन्सिल. लोक आकड्याभोवती गोल काढतात आणि विचारतात; टीव्हीवरच्या तक्त्याला कुणी काही विचारत नाही. आलेखात फक्त लाल-हिरव्यावर भिस्त नको, काही पुरुषांना तो फरक दिसत नाही.

हाताला काम

जाच थांबला की आता द्यायची गोष्ट. पॅकिंगच्या तक्रारीवर चर्चा असेल तर फाटून परत आलेला खोकाच टेबलावर ठेवा. अ‍ॅप हळू चालतं हा विषय असेल तर ग्राहक वापरतात तसला स्वस्तातला फोन द्या आणि प्रत्येकाला तीच ऑर्डर करायला सांगा. ग्राहकसेवेवर बोलायचं असेल तर परवानगी असलेल्या खऱ्या कॉलची चाळीस सेकंदं ऐकवा, सारांश वाचून दाखवू नका.

हे बिघडतं ते वस्तू फिरवताना. दहा जणांत एकच नमुना, प्रत्येकी पंधरा सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं. आणि तेवढा वेळ बोलणारा बोलतच राहतो. वस्तू हातात असलेला माणूस ऐकत नाही, वस्तू न मिळालेला वाट बघतो. दोन सारखे नमुने आणा, टेबलाच्या दोन टोकांकडून सोडा, आणि सगळ्यांच्या हातून जाईपर्यंत बोलणाऱ्याने गप्प बसायचं. ही मिनिटभराची शांतता अवघडल्यासारखी वाटते, पण प्रश्न तिच्यातूनच येतात. एका विषयाला एकच वस्तू. तीन मांडल्या तर प्रदर्शन होतं.

चिकटवायच्या चिठ्ठ्यांची वेगळी रड. गठ्ठ्यातून खालून वर ओढून काढली की चिठ्ठी वळते आणि पाच मिनिटांत भिंतीवरून गळते. गोंदाची कड वर ठेवून बाजूने, डावीकडून उजवीकडे सोला, सपाट राहते. मुंबईच्या पावसाळ्यात डिस्टेंपरच्या भिंतीवर ती तशीही टिकत नाही, भिंत ओलसर आणि भुकटी सुटणारी असते. कोरड्या फडक्याने पुसलेल्या काचेवर किंवा सनमायकावर लावा, नाहीतर चार्ट पेपर मास्किंग टेपने टांगून त्यावर. लिहायचं मार्करने, पाच-सात शब्द. बॉलपेनने लिहिलेलं सहा फुटांवरून कुणाला वाचता येत नाही.

व्हाइटबोर्डचे मार्कर आडवे ठेवा. टोक वर करून उभे ठेवले की शाई बुडाला उतरते आणि पेन फिकं लिहितं. कुणी चुकून पर्मनंट मार्करने लिहिलं तर त्यावरच व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसा, निघतं.

चहा, खाणं, वास

चहातलं कॅफीन पुरतं चढायला पाऊण तास लागू शकतो. म्हणून चहा मधल्या सुट्टीत न देता मीटिंगच्या आधी, खोलीबाहेर, उभ्याने. कटिंगच, पूर्ण कप नको. अर्ध्या तासाने सगळे बाहेर पळणार नाहीत. मीटिंग चालू असताना चहावाला आत आला की चर्चेचा धागा तुटतो, तो पुन्हा जुळायला वेळ लागतो.

खाण्यात तेलकट नको: बटाटेवड्याच्या हातांनी कुणी ए3 कागदाला हात लावत नाही, आणि जैन सहकाऱ्यांना बटाटा चालत नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार बघून घ्या. रमजानमध्ये खाण्याची मीटिंगच ठेवू नका. केळी आणि शेंगदाण्याची चिक्की बहुतेकांना चालते, उपासालाही; शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का एवढं विचारा. बिस्किटं पुड्यातून काढून ताटलीत. कागदाची चुरचुर माइकजवळ असह्य होते. साडेबाराला मीटिंग ठेवलीत तर पलीकडे डबे उघडतात, आणि मग कुणाचं लक्ष राहणार?

जेवणानंतरची मीटिंग अकरा किंवा चारला हलवा. हलत नसेल तर पहिला विषय उभ्याने, बोर्डाजवळ. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बसून घेतलेल्या बैठकांना उभ्याने घेतलेल्यांपेक्षा 34 टक्के जास्त वेळ लागला आणि निर्णय काही सरस नव्हते. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मात्र उभं करू नका, आणि ज्यांना उभं राहणं अवघड आहे त्यांच्यासाठी न विचारता उंच स्टूल ठेवा.

वासाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: काहीच घालू नका. फ्रेशनर, उदबत्ती, डिफ्यूझर यांनी कुणाचा दमा उसळतो, कुणाचं डोकं उठतं. असलेला वास काढा. नाक काही मिनिटांत सरावतं, म्हणून खोलीत बसलेल्याला वास कळत नाही. दहा मिनिटं बाहेर जाऊन परत आत शिरा, पहिल्या श्वासाला जे येईल ते खरं. कुबट येत असेल तर एसीचा फिल्टर (पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा), मग पाण्याचा ट्रे आणि ड्रेन पाइप, मग कार्पेट, या क्रमाने बघा.

काही जण ऑनलाइन असतील तर

खोलीत आवाजाचं एकच यंत्र. बाकी लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नुसता माइक बंद केला तरी दुसऱ्या स्पीकरचा आवाज मुख्य माइकमध्ये शिरून घुमतो. स्पीकरफोन कुणापासूनही दोन मीटरपेक्षा लांब नको, एसीच्या झोताखाली नको, ताटलीजवळ नको. कॅमेरा टीव्हीच्या खाली, डोळ्यांच्या उंचीवर. फिरवायची वस्तू त्यांना आदल्या दिवशी कुरिअरने पाठवा. जमत नसेल तर शेजारी पट्टी ठेवून काढलेले चार बाजूंचे फोटो.

एका वेळी एकच बदल

पंखा, पॅनल आणि चहाची वेळ एकाच आठवड्यात बदललीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. एक बदल, दोन मीटिंगा, तोच नकाशा, त्याच खुणा. पहिली जांभई अठराव्या मिनिटावरून पस्तिसाव्यावर गेली तर तो बदल कायम ठेवा. हवा नीट झाल्यावर बरेचदा बाकीच्या खुणाही पातळ होतात, म्हणून खर्चाचं पॅनलचं काम शेवटी.

सगळं होऊनही एकाच विषयावर, दर वेळी, सगळ्या खुर्च्यांवर खुणा येत असतील तर खोलीचा दोष नाही. त्या विषयावर या दहातल्या किती जणांना काही ठरवायचं आहे ते मोजा. दोघांनाच असेल तर तो विषय यादीतून काढा, त्या दोघांना पंधरा मिनिटं वेगळी द्या आणि उरलेल्या आठ जणांना निर्णय मेलवर कळवा.